डार्विन खोटा ठरला, तर देव खरा ठरतो का?



उमरखेडला आम्ही दर रविवारी विहारात वाचनाची बैठक घेतो. मागे एका रविवारी बारावीतला एक मुलगा आला आणि कोपऱ्यात गप्प बसून राहिला. विचारल्यावर म्हणाला, "दादा, वर्गात वाद झाला. मी म्हणालो, आम्ही देव मानत नाही. तर पोरं म्हणाली, तुमच्या डार्विनला पुस्तकातून काढून टाकलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही. आता तुमचा नास्तिकपणा कशावर उभा आहे? मला काही बोलताच आलं नाही."

बैठकीतला दुसरा एक तरुण लगेच म्हणाला, "सरळ सांगायचं, बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. विषय संपला!"

खरं सांगायचं तर पहिल्याच्या गप्प बसण्यापेक्षा दुसऱ्याच्या उत्तराने आम्ही जास्त अस्वस्थ झालो. कारण दोघांनीही समोरच्याची एक अट न बोलता मान्य केली होती. ती अट अशी, की देव नाकारायचा तर तुमच्याकडे एखादा ग्रंथ पाहिजे. ग्रंथ पडला की तुम्हीही पडलात! ही अटच खोटी आहे, हे आम्हाला आज मांडायचे आहे.

आधी डार्विनचे बघू. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत एका वैदिक संमेलनाला आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिला नाही. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. 2023 मध्ये देशभरातल्या हजाराहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी त्याचा निषेध केला. हा भाग बारावीच्या जीवशास्त्रात राहिला, पण दहावीनंतर कला किंवा वाणिज्य घेणाऱ्या मुलांचे काय? त्यांना उत्क्रांती कोण शिकवणार?

आणि पाहिले नाही म्हणता? यवतमाळ जिल्ह्यात राहून असे म्हणणाऱ्याने एकदा कापसाच्या वावरात जावे. 2002 मध्ये देशात बीटी कापूस आला. त्याच्या बोंडात अळीला मारणारे विष होते. सुरुवातीला अळ्या मेल्या. पण लाखो अळ्यांत काही अशा होत्या, की जन्मजात फरकामुळे ते विष त्यांना पचले. मरणाऱ्या मेल्या, पचवणाऱ्या उरल्या आणि पुढची पिल्लावळ त्यांचीच वाढली. दोन विषांचे नवे वाण आले, तेही गुलाबी बोंडअळीने पचवले. 2017 च्या हंगामात तिने आपल्या भागातला कापूस कसा खाल्ला, हे कुणाला सांगायची गरज नाही. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डार्विन ज्याला नैसर्गिक निवड म्हणतो, ती आपण बोंड फोडून पाहिली आहे. कुणी म्हणेल, अळी शेवटी अळीच राहिली ना! अहो, हा फरक 10-15 वर्षांतला आहे. कोट्यवधी वर्षांत काय होते, ते खडकांतले जीवाश्म आणि पेशीतला डीएनए सांगतो.

तेव्हा उत्क्रांती खरी आहे आणि ती शाळेत शिकवलीच पाहिजे. त्यासाठी आपण लढलेच पाहिजे. पण मित्रांनो, नास्तिकता तिच्यावर उभी आहे का? नाही!

साधा काळाचा हिशेब करा. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' 1859 चा. चार्वाक आणि लोकायत त्याच्या दोन हजार वर्षे आधीचे. त्यांचा मूळ ग्रंथ आज हाती नाही. त्यांचे म्हणणे कळते ते बरेचसे विरोधकांच्या पुस्तकांतून. ग्रंथ गेला, तरी त्यांनी विचारलेले प्रश्न गेले नाहीत. युरोपात शेलीला नास्तिकतेवरच्या पुस्तिकेपायी 1811 मध्ये ऑक्सफर्डमधून काढून टाकले, तेव्हा डार्विन दोन वर्षांचा होता. आणि खुद्द डार्विन? उतारवयात एका पत्रात त्याने लिहिले, की देव नाहीच असे म्हणणारा नास्तिक मी कधीच नव्हतो. तो स्वतःला अज्ञेयवादी समजत असे. उत्क्रांती मानणारे ख्रिस्ती वैज्ञानिक कितीतरी झाले आणि आजही आहेत. म्हणजे उत्क्रांती मानून देव मानता येतो आणि उत्क्रांती माहीत नसतानाही देव नाकारता येतो. भगतसिंगांनी 1930 साली तुरुंगात लिहिलेल्या निबंधात डार्विनचे नाव येते, पण माणूस कसा जन्मला या एका प्रश्नापुरते. त्यांचा मुख्य सवाल वेगळाच आहे. सर्वशक्तिमान आणि दयाळू देवाने हे दुःखाने भरलेले जग का केले? या सवालाला जीवशास्त्र लागत नाही.

तथागतांना तरी कुठे लागले? वासेठ्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माकडे जाणारा मार्ग कोणता यावर भांडत त्यांच्याकडे आले. तथागतांनी विचारले, तुमच्या वेदपारंगत ब्राह्मणांपैकी कुणी ब्रह्माला पाहिले आहे काय? त्यांच्या गुरूंनी? गुरूंच्या गुरूंनी? उत्तर नाही असेच आले. बाबासाहेबांनी हा संवाद 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मुद्दाम घेतला आहे. आता गंमत बघा. कुणी पाहिले, हा सवाल डार्विनला विचारला तर जीवाश्म मिळतात, डीएनए मिळतो, बोंडअळी मिळते. तोच सवाल ब्रह्माला विचारला तर काय मिळते? फक्त पोथी!

इथेच खरी मेख आहे. आपल्या देशात नास्तिक कुणाला म्हटले गेले? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात पाहा. तर्काच्या जोरावर वेदांचा अवमान करणारा तो नास्तिक, आणि त्याला सज्जनांनी बाहेर काढावे, असे तिथे सांगितले आहे. जग निर्माण करणारा ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक मात्र आस्तिक ठरले, कारण त्यांनी वेद मानला! म्हणजे भांडण देवाचे नव्हतेच. ते होते पोथीच्या अधिकाराचे. देव नसला तरी चालेल, पण पोथीला प्रश्न विचारायचा नाही. कारण पोथी हलली की वर्ण हलतो आणि वर्ण हलला की जात हलते. म्हणून 25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जाळली गेली. तुमचा ग्रंथ कोणता, हा त्या मुलाला विचारलेला प्रश्न त्याच घरातून आला आहे. ज्यांना ग्रंथाशिवाय विचारच करता येत नाही, त्यांना वाटते समोरच्याचेही तसेच असणार.

डार्विनला पोथी करण्यात आणखी एक धोका आहे. त्याच्या नावावर युरोप-अमेरिकेत वंशशुद्धीचे धंदे चालले. आपल्याकडेही जात म्हणजे रक्ताची शुद्धी, असे आनुवंशिकतेच्या नावाने सांगणारे निघाले. 1936 मध्ये 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी त्यांचा समाचार घेतला. त्यांनी विज्ञान नाकारले नाही, विज्ञानाच्या नावाने आणलेला दावा पुराव्यावर तपासला आणि तो फोल ठरवला. नाव मोठे म्हणून मान तुकवली असती, तर जातीलाही विज्ञान म्हणावे लागले असते.

आता आपल्या दुसऱ्या तरुणाकडे येऊ. बाबासाहेबांनी लिहिले म्हणून देव नाही, असे म्हणणे बाबासाहेबांनाच मानवले नसते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत देव-अवतार नाकारले आहेत, श्राद्ध-पिंडदान नाकारले आहे. पण त्यामागे आयुष्यभराची चिकित्सा आहे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काहीही स्वीकारू नका. आपल्या शब्दालाही त्यांनी या कसोटीतून सूट दिली नाही. मोक्ष देणारा नव्हे, मार्ग दाखवणारा, अशीच त्यांची ओळख बाबासाहेबांनी आपल्याला करून दिली. मार्ग दाखवणाऱ्याची पोथी करून तिला हळदकुंकू लावायचे, हे आपल्याला शोभते का?

आणि हा केवळ वादविवादाचा प्रश्न नाही. ज्या पोराला कारण माहीत नाही, फक्त ग्रंथाचे नाव माहीत आहे, त्याच्या घरात उद्या कुणी आजारी पडले, कर्ज अंगावर आले, की तो दवाखाना आणि बँकेची पायरी सोडून अंगारे-धुपारे करणाऱ्याच्या दारात उभा राहतो. भिंतीवर फोटो बाबासाहेबांचा आणि मनगटावर गंडा! असे आपल्याच वस्त्यांत आपण पाहतो. पाठ केलेला नकार संकटात टिकत नाही. समजून केलेला टिकतो.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले. पुन्हा कुणी विचारले, तर सांग: उत्क्रांती खरी आहे, तिचा पुरावा तुमच्या वावरात आहे. ती उद्या खोटी ठरली, तर आम्ही नवा पुरावा पाहून नवे शिकू. पण त्यामुळे तुमचा देव खरा ठरत नाही. देव आहे हा दावा तुमचा आहे, पुरावा तुम्ही द्या. पुरावा मागणे हाच आमचा आधार. शतकानुशतके आमच्या बापजाद्यांकडून हाच हक्क हिरावून घेतला होता. तो आता आम्ही कोणत्याही पुस्तकाकडे गहाण ठेवणार नाही.

पुढच्या रविवारच्या बैठकीत तोच मुलगा बोलणार आहे. विषय त्यानेच निवडलाय, गुलाबी बोंडअळी. उमरखेड-महागावकडच्या मित्रांनी जरूर यावे आणि त्याला अडचणीचे प्रश्न विचारावेत.

जयभीम! नमो बुद्धाय!