ताईंचा सल्ला : काचेतला समुद्र

प्रश्न : यजमानांनी मुंबईहून हौसेने समुद्रातले दोन एंजल मासे आणले. नवी टाकी त्याच दिवशी भरली. बारा दिवसांत दोन्ही गेले. सासूबाई म्हणतात, माझ्या हाताला गुण नाही. पुन्हा आणावेत का?
— एक भगिनी, कुडवा (जि. गोंदिया)

उत्तर : दोष तुमच्या हाताचा नाही, घाईचा आहे. माशांच्या मलमूत्रातून विषारी अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत वाढायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर पंप चालू ठेवून नुसते चिमूटभर खाणे टाकत राहावे.

घरचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियमही आले. मत्स्यालयाचे खास मीठच हवे. पाणी आटले तर भर मात्र गोड्या पाण्याचीच घाला. वाफ पाण्याची होते, मीठ मागे उरते. पाणी २५-२६ अंशांवर राखायचे, आणि आपल्याकडचा मे महिना, त्यात वीज गेली तर?

शिवाय यातल्या काही जाती समुद्रात स्पंज खाऊन जगतात. घरी उपाशी राहून खंगतात. दुकानात मासा खाताना पाहिल्याशिवाय घेऊच नये.

माझे ऐकाल तर यंदा गोड्या पाण्यातले एंजल पाळा. ते मूळचे ॲमेझॉनकडचे, उष्णता बरी सोसतात. टाकी आधी तशीच तयार करा. खाणे घालायचे काम सासूबाईंकडे द्या, चिमूटभरच हं! हाताच्या गुणाचा प्रश्न आपोआप मिटेल.