सत्तरीतील सारथ्य

कोलकात्याच्या पूर्वेस खाऱ्या दलदलीत भराव घालून वसविलेले सॉल्ट लेक, अर्थात विधाननगर, युगोस्लाव्ह नगररचनाकार दोब्रिवोये तोश्कोविच यांच्या आराखड्यानुसार उभे राहिले. ही वसाहत आता तिच्या मूळ रहिवाशांबरोबर वृद्ध झाली आहे. मुले बंगळूरला वा परदेशी, घरात दोघेच ज्येष्ठ आणि दाराशी मोटार, हे चित्र तेथे सर्रास दिसते. आपल्या पुण्या-नाशिकातही ते अनोळखी नाही.

अशा घरातील वडिलांच्या हातून किल्ली काढून घ्या, असे दूरध्वनीवरून सांगणे सोपे. औषधे, बाजार, बँक यांचे काय? माझ्या मते प्रश्न वयाचा नसून तपासणीचा आहे. वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांपुरतेच होते व त्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. हे प्रमाणपत्र पुष्कळदा केवळ सहीशिक्क्याचा उपचार ठरते. वास्तविक साठीतल्या डोळ्यांच्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात मोतीबिंदू असेल, तर समोरील दिव्यांचा झोत डोळे दिपवितो. सॉल्ट लेकमधील वर्तुळाकार बेटे तशी हितकारक आहेत, कारण तेथे वाहने काटकोनात आदळत नाहीत. मात्र उजवीकडून येणारे वाहन दिसण्यासाठी मान तर वळली पाहिजे!

टोकियोत एप्रिल २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या चालकाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि एक माता व तिची तीन वर्षांची कन्या प्राणास मुकली. त्या वर्षी जपानमध्ये सहा लाखांहून अधिक लोकांनी आपले परवाने स्वेच्छेने परत केले. अर्थात, तेथे शहरात आगगाडी हाकेच्या अंतरावर असते. सॉल्ट लेकला मेट्रो फेब्रुवारी २०२० मध्ये आली. ऑगस्ट २०२५ पासून ती थेट हावड्यापर्यंत धावते. निदान रात्रीची मोटार तरी आता सोडता येईल.

ग्राहकांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. मालक-चालकास मिळणारे १५ लाख रुपयांचे अपघाती विमासंरक्षण वैध परवान्यावर अवलंबून असते. मुदत संपून वर्ष उलटल्यास चाचणीही पुन्हा द्यावी लागते. पूजेच्या वा दिवाळीच्या सुट्टीत घरी येणाऱ्या मुलांनी परवान्यावरील तारीख पाहावी आणि एका सायंकाळी वडिलांच्या शेजारी बसून करुणामयीपर्यंत फेरी मारावी. दारावरील नवे ओरखडेही तेव्हाच मोजून घ्यावेत.