टपाल कोणत्या रूपात साठते?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांसह सुमारे १२ लाख सरकारी ईमेल खाती २०२५ पर्यंत चेन्नईच्या झोहो कंपनीच्या व्यवस्थेवर गेली. चर्चा झाली ती स्वदेशीची. टपाल कोणत्या रूपात साठते, हा प्रश्न मागे राहिला. बिघाड मात्र तिथेच होतो.

जुन्या एमबॉक्स पद्धतीत सारी पत्रे एकाच फाइलीत सलग लिहिली जातात. दोन प्रोग्राम एकाच वेळी लिहू लागले की फाइल विस्कटते. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या मेलडिरने प्रत्येक पत्राला स्वतंत्र फाइल दिली. पत्र पूर्ण लिहून झाल्यावरच ते टपालपेटीत सरकते. लाखो फाइलींत शोध मंदावतो, म्हणून डेटाबेस येतो. तो सूचीपुरताच असावा. सूची बिघडली तर पत्रांवरून पुन्हा उभारता येते. पत्रेच डेटाबेसमध्ये असतील, तर भिस्त बॅकअपवर. (‘डेटाबेस लॉक्ड’ दिसताच डेटाबेस बदलू पाहणाऱ्यांनी आधी डिस्क नेटवर्कवरची आहे का, ते तपासावे.) फेब्रुवारी २०११ मध्ये साठवणीच्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रे दिसेनाशी झाली. ती परत मिळाली चुंबकीय फितींवरून.

तंजावरच्या मराठी राजांचा कारभार आज वाचता येतो, कारण मोडी कागद उरले. त्यांची यादी नव्याने करता येते. त्याच जिल्ह्यातील पापनाशम्‌च्या डाकघराचा आजचा पत्रव्यवहार शंभर वर्षांनी वाचता येईल का? पत्रे कोणत्या खुल्या रूपात बाहेर काढता येतात, आणि बॅकअपवरून ती परत आणण्याची चाचणी शेवटची कधी झाली, हे सरकारने जाहीर करावे.