विचार जुळले, पण किंमत कोण मोजणार?

इंग्लंड-अमेरिकेत एक वाक्य वारंवार ऐकू येते : "मी जन्मभर क्वेकरच होतो, फक्त मला ठाऊक नव्हते!" चर्चला कंटाळलेला माणूस क्वेकरांविषयी वाचतो. मौन प्रार्थना, पगारी पुरोहित नाही, प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश, सर्व समान, युद्धाला नकार. यादी वाचून तो हरखतो. हे तर माझेच विचार!

आमचा सवाल साधा आहे. विचार जुळले, पुढे काय?

विचार तर गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांचेही जुळत होते! सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या या पंथाने इंग्लंडमध्ये श्रीमंतांपुढे टोपी काढायला नकार दिला, तुरुंगवास सोसला. पण अमेरिकेत गेल्यावर याच पंथाच्या लोकांनी माणसे विकत घेतली. १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी लेखी निषेध केला. तो कागद मासिक सभेतून त्रैमासिक सभेत, तिथून वार्षिक सभेत गेला आणि बासनात पडला. प्रत्येक माणसात प्रकाश आहे, हे त्या सभेत कुणालाच अमान्य नव्हते!

१७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या सभेत बेंजामिन ले यांनी पोकळ पुस्तकात लपवलेल्या लाल रसाच्या पिशवीत तलवार खुपसली आणि गुलाममालकांच्या अंगावर तो रस उडवला. पंथाने बाहेर कुणाला काढले? गुलाममालकांना नव्हे, ले यांना! गुलाम बाळगण्यावर फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने बंदी घातली ती १७७६ मध्ये. जर्मनटाउननंतर तब्बल ८८ वर्षांनी. त्यानंतरही फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट सभागृहात काळ्यांसाठी वेगळा बाक होता. सारा मॅप्स डग्लस यांनी हा अपमान लिहून ठेवला आहे.

कुणी म्हणेल, इतर पंथांपेक्षा क्वेकर पुढेच होते. मान्य! पण कुणामुळे? एकमताने माना डोलावणाऱ्यांमुळे नव्हे. मालकांच्या दारात जाऊन त्यांना जाब विचारणाऱ्या जॉन वूलमन यांच्यामुळे आणि गुलामांच्या श्रमाची वस्तू न वापरणाऱ्या ले यांच्यामुळे. त्याच ले यांची स्मृतिशिळा अॅबिंग्टनच्या क्वेकर दफनभूमीत उभी राहायला २०१८ साल उजाडले.

म्हणून "मी आधीपासूनच तुमचा" म्हणत येणाऱ्यांना आम्ही विचारतो, तुम्ही नक्की कुणाचे? निषेधाचा कागद बाजूला सारणाऱ्या सभेचे, की तो लिहिणाऱ्या चौघांचे? समतेवर विश्वास आहे, हे सांगायला दमडी लागत नाही. समतेसाठी आपण काय सोडले, कुणाचा रोष पत्करला, कुणाशेजारी बाकावर बसलो, याचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब कोरा असेल, तर जन्मभराचे ते विचार निव्वळ शोभेचे आहेत. मौन सभेत बसून त्यांना धार येणार नाही.