प्लॉट स्वस्त नसतो, खर्च पुढे ढकललेला असतो

मंडळी, बायपासला गेलात तर बघा, दोन्ही बाजूंना बोर्डांची रांग लागलीय. 'एनए प्लॉट, ताबडतोब खरेदीखत, रोड-लाइट-पाणी.' आत जाऊन बघितलं तर पांढऱ्या चुन्याच्या रेघा, चार सिमेंटचे खांब आणि गुडघाभर गवत. रोड कुठाय विचारलं की माणूस हात लांब करून दाखवतो, "हा काय, तीस फुटी!"

मीही यातला शहाणा नाही. २०१४ ला असाच दीड गुंठा घेतला. शेजारच्या लेआउटमध्ये डांबरी रस्ता आणि बंदिस्त गटार झालेलं होतं, म्हणून दर जास्त होता. मी पैसे वाचवले म्हणून खूश. मग सुरू झालं. पहिल्या पावसाळ्यात मुरूम टाकायला वर्गणी, दुसऱ्या वर्षी विजेच्या पोलला वर्गणी, स्वतःची बोअर, गटार नाही म्हणून शोषखड्डा. शेवटी रस्ता झाला तो माझ्या ओट्यापेक्षा फूटभर उंच. आता पाऊस रस्त्यावरचा, पाणी माझ्या हॉलमध्ये. हिशेब मांडला तेव्हा शेजारचा 'महाग' प्लॉटच स्वस्त निघाला.

हे गणित एकदा नीट बघू. समजा दोन एकर जमीन ८० लाखांना घेतली. क्षेत्र ८७,१२० चौरस फूट, म्हणजे सरसकट ९२ रुपये फूट. पण सगळी जमीन विकता येत नाही. ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. रस्त्यांत २० टक्के गेले असं धरू. उरले साधारण ६१ हजार फूट. जमिनीचाच भाव १३१ रुपये झाला. आता रस्ता, गटार, पाइपलाइन, पोल, फुटपाथ यांना २५ लाख लागले असं धरा. फुटामागे ४१ रुपये. बाराशे फुटांच्या प्लॉटला हा बोजा ४९ हजारांचा.

हे ४९ हजार दोघांपैकी एकजण भरणारच. विकणाऱ्याने आधी भरले तर काम एका वेळी, एका लेव्हलला, एका ठेक्यात होतं. त्याने नाही भरले तर प्रत्येक घरवाला सुटा सुटा भरतो, रस्ता तीनदा खोदतो आणि तरीही गटार कुठेच जोडलेलं नसतं.

काहीजण म्हणतील, या सोयी घातल्या तर गरिबाला प्लॉट परवडणार नाही. मुद्दा खोटा नाही. हातात रक्कम कमी असते, म्हणून माणूस कच्च्या प्लॉटकडे वळतो. पण मग बोर्डावर 'रोड-लाइट-पाणी' लिहून त्याचा भाव कशाला लावता? कच्चा माल कच्चा म्हणून विका.

आणि कायदा मुका नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात प्रकल्पाच्या अंतर्गत विकासकामांची यादी दिलीय. त्यात रस्ते, फुटपाथ, पाणीपुरवठा, गटारं, पथदिवे स्पष्ट लिहिलेत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचे प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराची नोंदणी लागते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. बायपासच्या किती बोर्डांवर तो दिसतो, ते तुम्हीच मोजा.

फुटपाथ म्हटलं की लोक हसतात. "गावात कोण चालतंय फुटपाथवर?" अहो, शाळेत जाणारी पोरं, दवाखान्यात निघालेली आजी कुठून चालते? इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत निवासी भागात फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा असं आहे. तीस फुटी रस्त्यावर दोन्ही बाजूंना तेवढा सोडला तरी मधे अठरा फूट उरतात, दोन गाड्या निघतात. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही पादचाऱ्यांचा फुटपाथचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पण आपल्याकडे रीत उलटी. आधी कसंही विका, मग कधीतरी नियमित करा. गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना तो लागू केला. सामान्यांची घरं वाचली, हे चांगलंच झालं. पण नियमित करायचं शुल्क आणि विकास आकार कोण भरतं? प्लॉटवाला. विकणारा तर केव्हाच पुढच्या शिवारात गेलेला असतो.

माझं म्हणणं सोपं आहे. अंतिम मंजुरीआधी रस्ता, गटार, पाणी झालं का, हे अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन बघावं. कामं पूर्ण होईपर्यंत काही प्लॉट तारण ठेवावेत. आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या नगरसेवकाला विचारा, आपला लेआउट नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालाय का? नसेल तर रस्त्याची तक्रार घेऊन गेलात की 'तो तुमचा खासगी रस्ता' हेच उत्तर मिळणार.

प्लॉट बघायला जायचंय ना? उन्हाळ्यात जाऊ नका. जुलैत, जोराचा पाऊस पडून गेल्यावर जा. बोर्डावर लिहिलेलं खरं की खोटं, ते पाणीच सांगतं.