इंजेक्शन त्यानं घेतलं, सोनोग्राफी तिची

स्टेरॉइड घेणाऱ्या पोरांचा एक युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की आता उत्तर देणं भाग आहे. ‘सर, ज्या गोष्टीवर अल्लाहनं पडदा टाकला, ती आपण घरी कशाला उघडी करायची? शरीर माझं, पैसा माझा.’ दीन आठवतो तो नेमका लपवायच्या वेळी!

पडदापोशी मी नाकारत नाही. आपला गुनाह चौकात सांगत फिरू नये. पण ही सवलत बंदा आणि अल्लाह यांच्यातल्या गोष्टीला. दुसऱ्या माणसाचा हक्क अडकला की हुकूकुल इबादचा मामला सुरू होतो, आणि तिथं गप्प राहणं ही सरळ फसवणूक आहे.

हक्क अडकतो बायकोचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. शुक्राणू घटतात, काहींचे तर शून्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं दर आठवड्याला हे इंजेक्शन देऊन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली होती. निष्कर्ष १९९० साली छापून आले. औषध बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण त्यात महिनोन्‌महिने जातात. आणि आपल्या घरांत निकाहला दोन वर्षं झाली की काय होतं? सून अमरावतीच्या बसमध्ये. सोनोग्राफी तिची, रक्त तिचं, तावीज तिला, टोमणेही तिलाच. नवरा बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत बसलेला. डॉक्टरला जी गोष्ट सांगायला हवी ती त्याच्या पोटात. संत्र्याच्या कॅरेटमध्ये वर चांगला माल आणि खाली डागी भरणाऱ्याला आपण वरूडात बेईमान म्हणतो. रिश्त्याला दंडाचे फोटो पाठवून हे झाकणाऱ्याला काय म्हणायचं?

‘निदान मित्रांना तरी सांगावं का?’ हा प्रश्नच उलटा आहे. मित्रांना माहीत असतं. सुई बहुधा तेच टोचून देतात. माहीत नसतं ते अम्मीला. रात्री छातीत धडधडलं तर दवाखान्यात धावणार ती, आणि डॉक्टरनं ‘काही औषध घेतो का?’ विचारलं तर बिचारी म्हणणार, ‘नाही, फक्त पावडर.’

तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात २०१६ मध्ये मेथँडिएनोन सापडलं. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं. नाडानं १ ऑगस्टला त्याला मोकळं केलं. १८ ऑगस्टला रिओमध्ये क्रीडा लवादानं ते अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली. तिथं प्रयोगशाळा होती, सुनावणी होती. आमच्या जिममधल्या पोराचा नमुना कोण घेतो? त्यानं स्वतः तोंड उघडलं तरच कळणार.

शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त राग येतो तो दुसऱ्याच एका खोट्याचा. अकरावीची पोट्टी विचारतात, ‘भाई, काय खाता?’ उत्तर: ‘अंडी, केळी, मेहनत.’ पोट्टं सहा महिने अंडी खातं, फुगत नाही, आपल्यातच काही कमी आहे असं समजतं, आणि मग त्याच सुईकडे जातं.

अब्बूंनाही एक सांगतो. थप्पड मारणार असाल तर पोरगा सांगणार नाही. आधी डॉक्टरकडे न्या. एकदम बंद केल्यावर पोरं फार उदास होतात, तेव्हा लक्ष ठेवा.

आणि मुलीवाल्यांनो, पगाराची स्लिप मागता, शेत किती विचारता, तसं हेही विचारा. निकाहनंतर तपासणीची वेळ आलीच तर पहिली चाचणी नवऱ्याची करायला लावा. तिला सुईसुद्धा लागत नाही.