अडलेला संकल्प

मनुष्य संकल्प करतो आणि शरीर त्याला मध्येंच आडवें येतें, हा अनुभव कोणाला नाहीं? परीक्षा आठ दिवसांवर आली असतां विषमज्वर येतो. सामन्याच्या आदल्या दिवशीं घोटा मुरगळतो. गायनाच्या समारंभाच्या वेळींच घसा बसतो. अशा प्रसंगीं भोंवतालचीं माणसें दोन प्रकारचा उपदेश करतात. एक पक्ष म्हणतो, "झालें तें झालें, आतां तो नाद सोड." दुसरा म्हणतो, "मनांत आणलें तर जगांत अशक्य असें कांहींच नाहीं. ऊठ आणि कामाला लाग." पहिला उपदेश भीतीपोटीं केलेला असतो, दुसरा उत्साहाच्या भरांत. हेतु दोहोंचाहि चांगला. परंतु आमच्या मतें दोन्ही उपदेश अपुरे आहेत, आणि आजाऱ्याचें त्यांपासून हित होण्यापेक्षां पुष्कळदां अहितच होतें. हें मत नुसत्या तर्कावर न सोडतां एका प्रत्यक्ष चरित्राच्या कसोटीवर घासून पाहावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

तें चरित्र डेन्मार्क देशांतील लिस हार्टेल या हौशी अश्वारोहिणीचें होय. तिचा जन्म १९२१ सालचा. लहानपणापासून तिला घोड्यांचें वेड होतें. ज्या विद्येंत तिनें नांव मिळविलें तिला ड्रेसाज असें म्हणतात. या स्पर्धेंत शर्यत नसते, अडथळ्यांवरून उड्याहि नसतात. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा आंखलेल्या मैदानांत घोड्यानें ठरलेल्या क्रमानें चाल, दुडकी आणि दौड करून दाखवावयाची. जागच्या जागीं पावलें टाकावयाचीं, वळणें घ्यावयाचीं, तिरकें चालावयाचें. आणि हें सर्व इतक्या सहजतेनें व्हावें कीं स्वारानें आज्ञा केव्हां दिली हें पाहणाऱ्याच्या लक्षांतहि येऊं नये. लगाम धरणारे हात, घोड्याच्या कुशीला लागणारे पाय आणि खोगिरावरील शरीराचा तोल, हीं स्वाराचीं बोलण्याचीं तीन साधनें. आपल्या मराठींत उत्तम स्वाराची "मांड पक्की आहे" असें म्हणतात. या एका शब्दांत मांड्या आणि पाय यांचें घोडेस्वारींत केवढें महत्त्व आहे हें आलेंच.

१९४४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, या स्त्रीला पोलिओनें गांठलें. तेव्हां तिचें नांव डेन्मार्कच्या उत्तम स्वारांत गणलें जात होतें, आणि ती दुसऱ्या वेळीं गरोदर होती. पोलिओचे विषाणु दूषित अन्नपाण्यावाटे पोटांत जातात. बहुतेकांना त्यांपासून विशेष इजा होत नाहीं. परंतु थोड्यांच्या बाबतींत ते पृष्ठरज्जूंतील, स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या, पेशींवर हल्ला करतात. त्या पेशी मेल्या म्हणजे स्नायु जागच्या जागीं असूनहि निरुपयोगी होतात. स्पर्शज्ञान बहुधा कायम राहतें, म्हणजे पाय आहे हें कळतें पण तो उचलतां येत नाहीं. त्या काळीं या रोगाला प्रतिबंधक लस नव्हती, आणि मेलेल्या पेशींना जिवंत करणारें औषध तर आजहि नाहीं. लिस हार्टेलला मूल सुखरूप झालें. हातांत आणि मांड्यांत हळूहळू कांहीं शक्ति परत आली; परंतु गुडघ्यांखालचे पाय जन्माचे लुळे राहिले.

आतां वर सांगितलेल्या दोन उपदेशांपैकीं कोणता तिच्या उपयोगी पडला असता? "नाद सोड" हें ऐकून ती घरीं बसली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. जिच्या पायांत त्राण नाहीं तिनें घोड्याच्या पाठीचा मोह धरूं नये, हें बोलणें वरवर पाहतां शहाणपणाचेंच वाटतें. उलट "मनांत आणलें कीं झालें" हा मंत्र तिनें कितीहि जपला असता तरी गुडघ्यांखालचे पाय हाललेच नसते. इच्छाशक्तीची थोरवी कोणीहि गावी; परंतु मेलेल्या पेशीला ती आज्ञा करूं शकत नाहीं. जो मुलगा अंथरुणावर पडलेला असतो त्याला "तुझी इच्छाच कमी पडते" असें सुचविणें म्हणजे आधींच दुखणाऱ्या जिवाला अपराध्याच्या पिंजऱ्यांत उभें करणें होय. या क्रूरतेपासून पालकांनीं आणि शिक्षकांनीं फार सावध राहिलें पाहिजे.

तिनें धरलेला मार्ग तिसराच होता. संकल्प तिनें तोच ठेवला आणि साधन बदललें. आधीं हात उचलणें, मग रांगणें, मग काठ्यांच्या आधारानें चार पावलें टाकणें, अशी लहान मुलाची शाळा तिला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. घोड्यावर चढतांना आणि उतरतांना तिला दुसऱ्याची मदत घ्यावी लागे, आणि ती मदत तिनें न लाजतां घेतली. पायांनीं घोड्याशीं बोलतां येईना, तेव्हां पाठ आणि कंबर यांच्या सूक्ष्म हालचालींनीं, तोल किंचित् मागें किंवा बाजूला नेऊन, ती बोलूं लागली. आणि जुबिली नांवाची तिची घोडी ही नवी भाषा शिकली. शिकण्याचें काम एकट्या स्वाराचें नव्हतें, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मुकें जनावरहि समजून घेऊं शकतें, मग वर्गबंधूंना आणि घरच्या माणसांना तें जड कां जावें?

१९४७ सालीं, म्हणजे आजारानंतर तीन वर्षांनीं, स्कॅंडिनेव्हियांतील स्त्रियांच्या ड्रेसाज स्पर्धेंत तिचा दुसरा क्रमांक आला. पुढच्याच वर्षीं लंडनला ऑलिंपिक सामने भरले; परंतु त्यांचें दार तिला बंद होतें. तें बंद होतें नियमामुळें. आजाराचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. त्या वेळच्या नियमाप्रमाणें सैन्यांतील सनदी अधिकारी आणि मुलकी पुरुष यांनाच या स्पर्धेंत प्रवेश असे, स्त्रियांना नसे. हे नियम किती कडक होते याचा दाखला त्याच सामन्यांत मिळतो. ड्रेसाजच्या सांघिक स्पर्धेंत स्वीडनचा संघ पहिला आला; पण त्यांतील एक स्वार खरा सनदी अधिकारी नसून हुद्द्यानें सार्जंटच होता असें ठरल्यामुळें १९४९ सालीं त्या संघाचें सुवर्णपदक काढून घेण्यांत आलें. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वीं हा नियम पालटला, आणि त्या वर्षीं ड्रेसाजमध्यें चार स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीनें उतरल्या. लिस हार्टेल त्यांपैकीं एक होती.

यावरून आमचा दुसरा मुद्दा निघतो. आजाऱ्याच्या वाटेंत उभे असलेले सगळेच अडथळे त्याच्या शरीरांत नसतात. कांहीं अडथळे इतरांनीं घातलेले असतात, आणि ते दूर करणें आजाऱ्याच्या हातीं नसतें. लुळ्या पायांवर त्या स्त्रीनें तीन वर्षांत तोड काढली. नियमानें मात्र तिला आणखी पांच वर्षें बाहेर ठेविलें. आपल्या शाळांतहि हेंच दिसतें. दोन महिने आजारी असलेल्या मुलाचें नांव संघांतून खोडलें जातें आणि पुन्हा लिहिण्याची आठवण कोणाला होत नाहीं. ज्याला जिना चढतां येत नाहीं त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. अशा ठिकाणीं मुलाला धैर्याचे धडे देण्यापूर्वीं वर्ग खालीं आणणें हें आपलें पहिलें कर्तव्य नव्हे काय?

हेलसिंकीला काय झालें तें जगाला ठाऊक आहे. स्वीडनचे लष्करी अधिकारी हेन्री सेंट सीर ५६१ गुण मिळवून पहिले आले, आणि ५४१.५ गुणांनीं लिस हार्टेल दुसरी आली. पदक घेण्यासाठीं चौथऱ्यावर चढतांना तिला आधार दिला तो खुद्द सेंट सीर यांनीं. ज्यानें स्पर्धेंत हरविलें त्याचाच हात धरून तिनें ती पायरी चढावी, आणि त्यांत दोघांचीहि शोभा वाढावी, हें दृश्य खरोखर मननीय आहे. १९५६ सालीं तिला पुन्हा रौप्यपदक मिळालें. ते सामने मेलबर्नचे होते. परंतु परदेशांतून येणाऱ्या घोड्यांविषयीं ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक असल्यामुळें त्या वर्षीं घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोम येथें भरविण्यांत आल्या होत्या.

येथें चतुर वाचक एक आक्षेप घेतील. ते म्हणतील, "जिला पदक मिळालें तिची कथा सर्व सांगतात, ज्या शेंकडों आजाऱ्यांना कांहींच मिळालें नाहीं त्यांचें काय?" हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देणें योग्य होणार नाहीं. हेलसिंकीला तिसऱ्या आलेल्या फ्रेंच स्वाराचे गुण ५४१ होते. म्हणजे रौप्य आणि कांस्य यांत अवघ्या अर्ध्या गुणाचें अंतर होतें. तो अर्धा गुण परीक्षकांनीं दुसरीकडे टाकला असता, किंवा ती विसावी आली असती, तर तिच्या आठ वर्षांच्या श्रमांचें मोल कमी झालें असतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पदक हा त्या मार्गाचा पुरावा नव्हे. तो मार्गावर सांपडलेला एक अलंकार आहे. सकाळीं उठून करण्यासारखें कांहींतरी आपल्यापुढें आहे, आणि काल जें जमलें नाहीं त्यांतलें थोडेंसें आज जमलें, हें समाधान तिला पदकाच्या फार पूर्वीं मिळालें असलें पाहिजे. तेंच समाधान कोणत्याहि आजाऱ्याला, त्याच्या शक्तीच्या मर्यादेंत, मिळवून देतां येतें.

शिवाय कांहींच्या बाबतींत पहिला संकल्प खरोखरच सोडावा लागतो. सांधेज्वरानें ज्याच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या त्याला वैद्य धांवूं नको म्हणतात, आणि त्यांचें ऐकणेंच योग्य. अशा मुलालाहि मैदानापासून तोडूं नये. त्याला गुणलेखक करावें, पंच करावें, लहान मुलांना शिकविण्याचें काम द्यावें. लिस हार्टेलनेंहि पुढें आपलें लक्ष इतरांकडे वळविलें. पोलिओग्रस्तांच्या मदतीसाठीं आणि अपंगांना घोडेस्वारीचा लाभ मिळावा म्हणून तिनें पुष्कळ खटपट केली. घोडा चालत असतां त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाच्या कमरेला जे हेलकावे बसतात ते माणसाच्या स्वतःच्या चालण्यांतील हालचालीसारखेच असतात. म्हणून ज्यांना चालतां येत नाहीं त्यांच्या कंबरेला आणि पाठीला त्यांपासून उत्तम व्यायाम घडतो. आज अनेक देशांत या उपचाराचीं केंद्रें आहेत, आणि १९९६ पासून पॅरालिंपिक सामन्यांत अपंगांच्या ड्रेसाज स्पर्धाहि होत आल्या आहेत. लिस हार्टेल २००९ सालीं वारली; तिनें दाखविलेली वाट मात्र चालती राहिली.

पालकांस एक विनंती. या स्त्रीच्या धैर्याचें कौतुक करतांना, ज्या रोगामुळें तें धैर्य दाखवावें लागलें तो रोग टाळतां येतो हें विसरूं नये. पोलिओची पहिली यशस्वी लस १९५५ सालीं जाहीर झाली, म्हणजे तिच्या आजारानंतर अकरा वर्षांनीं. आपल्या देशांत वन्य विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला, आणि २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त ठरला. हें यश घरोघर बालकांच्या मुखांत थेंब घालणाऱ्या असंख्य कार्यकर्त्यांचें आहे. परंतु जगांतून हा रोग अद्याप समूळ गेलेला नाहीं; म्हणून डोस चुकवूं नये. टाळतां येण्यासारखें दुखणें टाळणें हेंहि शौर्यच आहे, जरी त्याला कोणी पदक देत नसलें तरी.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यांचा एखादा संकल्प या वर्षीं आजारानें अडला असेल त्यांना एवढेंच सांगणें आहे: वैद्यांनीं सांगितलेली विश्रांति ही संकल्पाची शत्रु मानूं नका, ती त्याच संकल्पाचा एक भाग आहे. मदत मागावी लागली तर संकोच धरूं नका. आणि जे निरोगी आहेत त्यांनीं आपल्या शेजारच्या बांकावरची जागा किती दिवस रिकामी आहे याची चौकशी करावी, आणि आज शाळा सुटल्यावर त्या मित्राच्या घरीं जाऊन यावें.